लंडनचे महापौर सादिक खान : वाहतूक आणि पोलीस या क्षेत्रांतील कामगिरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सादिक खान ९ मे २०१६ रोजी लंडनचे महापौर झाले. त्यानंतर २०२१ आणि २०२४ च्या निवडणुका जिंकून ते सलग तिसऱ्यांदा त्या पदावर आले आहेत. त्यांच्याविषयी लंडनमधील मराठी घरांत वाद होतात, आणि इकडून तिकडे पाहणाऱ्यांतही होतात. या वादांत बहुतेक वेळा दोनच बाजू असतात: त्यांनी शहर बुडवले, किंवा त्यांनी शहर सावरले. ज्यांना नेमक्या मुद्द्यांवर बोलायचे आहे, त्यांच्यासाठी खालील प्रश्नोत्तरे आहेत. लिहिणाऱ्याचे मत त्यांत येते, आणि ते कुठे येते ते वाचकाला सहज ओळखता येईल.

लंडनच्या महापौरांच्या हाती नेमके काय असते?

वाहतुकीबाबत पुष्कळ आणि पोलिसांबाबत बरेच कमी. हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक वाद भरकटतात.

१९९९ च्या कायद्याने ग्रेटर लंडन ऑथॉरिटी अस्तित्वात आली आणि २००० मध्ये केन लिव्हिंगस्टन हे थेट जनतेतून निवडून आलेले पहिले महापौर झाले. २००८ पासून बोरिस जॉन्सन आणि २०१६ पासून खान, असे आजवर तीनच जण या पदावर आले आहेत. ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ म्हणजे टीएफएल ही संस्था भुयारी रेल्वे, बस, ओव्हरग्राउंड, एलिझाबेथ लाइन, ट्राम, डीएलआर (डॉकलँड्स भागातील हलकी रेल्वे) आणि मुख्य रस्ते सांभाळते. ती थेट महापौरांच्या अखत्यारीत येते, महापौर तिच्या मंडळाचे अध्यक्ष असतात आणि तिकिटांचे दर तेच ठरवतात. मात्र लंडनमधील एकूण रस्त्यांपैकी सुमारे ५ टक्केच टीएफएलकडे आहेत. बाकीचे बहुतेक रस्ते त्या त्या बरोच्या, म्हणजे स्थानिक कौन्सिलच्या, ताब्यात आहेत. त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी मोटारी अडवायला ठेवलेल्या कुंड्यांचा राग महापौरांवर काढणाऱ्याने आपल्या बरोचे नगरसेवक कोण आहेत, हे आधी पाहावे.

पोलिसांचे तसे नाही. २०११ च्या कायद्यानंतर महापौरांचे पोलीस व गुन्हेविषयक कार्यालय, म्हणजे मोपॅक, स्थापन झाले. मेट्रोपॉलिटन पोलिसांचा (बोलीभाषेत ‘मेट’) अर्थसंकल्प ठरवणे, धोरणात्मक आराखडा आखणे आणि पोलीस आयुक्तांना जाब विचारणे, ही त्याची कामे आहेत. पण आयुक्तांची नेमणूक गृहमंत्र्यांच्या शिफारशीवरून राजाकडून होते आणि त्यात महापौरांचे मत विचारात घेणे एवढेच बंधनकारक असते. कोणत्या चौकात किती शिपाई उभे करायचे किंवा कोणाला अटक करायची, हे महापौर सांगू शकत नाहीत. मेटच्या निधीचा मोठा हिस्सा केंद्र सरकारकडून येतो.

मुंबईच्या महापौरांशी त्यांची तुलना करता येईल का?

करता येणार नाही. मुंबईत कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या महापालिका आयुक्तांकडे असतात, पोलीस आयुक्त राज्याच्या गृह खात्याला उत्तर देतात, आणि लोकल रेल्वे केंद्राची आहे. बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम असला तरी महापौर एकट्याने तिचे भाडे बदलू शकत नाहीत. आपल्याकडचा ‘महापौर’ मनात धरून लंडनकडे पाहिले, तर खान यांची सत्ता वाहतुकीत कमी लेखली जाते आणि पोलिसांबाबत मात्र उगाच वाढवून पाहिली जाते.

तिकीटदर गोठवण्याचे वचन त्यांनी पाळले का?

अर्धे पाळले. २०१६ च्या प्रचारात खान यांचे म्हणणे असे होते की पुढील चार वर्षे लंडनच्या प्रवाशाला एक पेनीही जास्त द्यावी लागणार नाही. प्रत्यक्षात टीएफएलची एकेरी भाडी चार वर्षे गोठवली गेली. परंतु ट्रॅव्हलकार्ड आणि दिवसाची किंवा आठवड्याची कमाल मर्यादा यांचे दर रेल्वे कंपन्यांशी झालेल्या करारांवर अवलंबून असल्यामुळे ते वाढत राहिले. उपनगरांतून रोज पासावर येणाऱ्या नोकरदाराला गोठवणुकीचा फायदा फारसा जाणवला नाही. बसने जाणाऱ्या सफाई कामगाराला किंवा दुकानातील कर्मचाऱ्याला तो पुरेपूर मिळाला, कारण बसचे भाडे या काळात १.५० पौंडांवर स्थिर राहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘हॉपर’ सवलतीमुळे एका तासात दुसरी बस फुकट मिळू लागली, आणि २०१८ पासून त्या तासात कितीही बस आणि ट्राम बदलण्याची सोय झाली. ज्यांचे घर आणि कामाची जागा एका थेट बसमार्गावर नाही अशा, बहुतांशी कमी उत्पन्नाच्या, लोकांना या बदलाने जितका दिलासा दिला तितका खान यांच्या दुसऱ्या कोणत्याही घोषणेने दिला नसेल. तरीही वादांत ‘हॉपर’चे नाव क्वचितच निघते.

या गोठवणुकीची किंमत टीएफएलच्या अंदाजानुसार चार वर्षांत ६४ कोटी पौंड होती. त्याच काळात टीएफएलला दैनंदिन खर्चासाठी मिळणारे, वर्षाला सरासरी ७० कोटी पौंडांचे केंद्राचे अनुदान बंद होत होते. तो निर्णय जॉन्सन महापौर असताना, २०१५ च्या सुमारास, ठरला होता. म्हणजे एक हात सरकारने काढून घेतला आणि दुसरा महापौरांनी स्वतः बांधून घेतला. अनुदान जाणार हे ठाऊक असताना सरसकट गोठवणूक करणे हा राजकीयदृष्ट्या लाभाचा आणि आर्थिकदृष्ट्या निष्काळजी निर्णय होता, असे आमचे मत आहे. ती सवलत बसपुरती ठेवली असती, तर ज्यांना खरी गरज होती त्यांना ती मिळाली असती आणि तिजोरीवरचा भारही हलका राहिला असता.

करोनाच्या आधीच टीएफएल दिवाळखोरीत निघाली होती, हे खरे आहे का?

हा आरोप खुद्द बोरिस जॉन्सन यांनी पंतप्रधान म्हणून केला होता, पण तो टिकत नाही. २०१६ नंतर टीएफएलची चालू खर्चातील तूट बरीच कमी झाली होती. मूळ दुखणे उत्पन्नाच्या रचनेत होते. अनुदान गेल्यानंतर टीएफएलचे सुमारे ७२ टक्के उत्पन्न प्रवासभाड्यातून येऊ लागले. २०२० च्या वसंतात भुयारी रेल्वेचे सुमारे ९५ टक्के प्रवासी एकाएकी नाहीसे झाले, तेव्हा अशी संस्था कोलमडणे अटळ होते. त्या जागी कोणत्याही पक्षाचा महापौर असता, तरी त्याला सरकारकडे हात पसरावा लागला असता.

मे २०२० मध्ये १६० कोटी पौंडांची पहिली मदत मिळाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने हा आकडा ५०० कोटी पौंडांच्या पुढे गेला. प्रत्येक मदतीबरोबर अटी आल्या. भाडेवाढ करा, ज्येष्ठांचा सकाळच्या गर्दीतला मोफत प्रवास थांबवा आणि कंजेशन चार्ज, म्हणजे मध्य लंडनमध्ये मोटार आणण्याचे शुल्क, पुन्हा सुरू करा, अशा त्या अटी होत्या. जून २०२० मध्ये हा चार्ज ११.५० वरून १५ पौंड झाला. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये भाडी २.६ टक्के, २०२२ मध्ये ४.८ टक्के आणि २०२३ मध्ये ५.९ टक्के वाढली, आणि बसचे भाडे १.७५ पौंडांवर पोहोचले. गोठवणुकीतून वाचलेले पैसे प्रवाशाने अशा रीतीने पुढे भरलेच. २०२३-२४ मध्ये टीएफएलने चालू खर्चावर अधिशेष दाखवला, हेही नोंदवायला हवे. नव्या गाड्या, सिग्नल यंत्रणा आणि मार्गविस्तार यांसाठी मात्र ती आजही केंद्रावरच अवलंबून आहे. बेकरलू लाइनचा दक्षिण-पूर्वेकडील विस्तार त्यामुळेच इतकी वर्षे कागदावर राहिला आहे.

एलिझाबेथ लाइनचे श्रेय कोणाला आणि विलंबाचा दोष कोणाला?

लंडनच्या पोटातून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या या रेल्वेमार्गाचा प्रकल्प लिव्हिंगस्टन यांच्या काळात मंजूर झाला, जॉन्सन यांच्या काळात बहुतेक बोगदे खणले गेले आणि २४ मे २०२२ रोजी तो खान यांच्या काळात प्रवाशांसाठी खुला झाला. डिसेंबर २०१८ ची मुदत हुकणार, हे ३१ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे जेमतेम साडेतीन महिने आधी, जाहीर करण्यात आले. २०१० मध्ये ठरलेले १४८० कोटी पौंडांचे अंदाजपत्रक वाढत वाढत सुमारे १८८० कोटींवर गेले.

खान यांच्या बाजूने सांगितले जाते की प्रकल्प चालवणारी कंपनी स्वायत्त होती आणि तिने शेवटपर्यंत ‘सर्व वेळेत होईल’ असेच कळवले. लंडन असेंब्लीच्या परिवहन समितीने एप्रिल २०१९ च्या अहवालात टीएफएलच्या तत्कालीन प्रमुखांवर ठपका ठेवला होता. धोक्याची माहिती महापौरांपर्यंत सौम्य करून पोहोचवली गेली, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. हे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. युरोपातील सर्वांत मोठ्या बांधकामांपैकी एकाची मुदत चार महिन्यांवर आली असताना टीएफएल मंडळाच्या अध्यक्षाने स्वतः खोदून का विचारले नाही? वाईट बातमी वरपर्यंत पोहोचत नाही, हे कोणत्याही मोठ्या संस्थेत गृहीत धरायचे असते. अशी बातमी मागून घेणे हेच तर अध्यक्षाचे काम आहे. पुढे पोलिसांच्या बाबतीतही हाच दोष दिसतो.

सुरू झाल्यावर मात्र या मार्गाने सर्वांना चकित केले. वर्षाला २० कोटींहून अधिक प्रवास त्यावरून होतात आणि ब्रिटनच्या रेल्वे जाळ्यातील तो सर्वांत गर्दीच्या मार्गांपैकी एक झाला आहे.

युलेझमुळे हवा खरोखर सुधारली, की हा केवळ पैसे उकळण्याचा मार्ग आहे?

‘युलेझ’ म्हणजे अतिअल्प-उत्सर्जन क्षेत्र. ठरावीक मानकांत न बसणारी गाडी, म्हणजे ढोबळमानाने २००६ पूर्वीची पेट्रोलची किंवा २०१५ पूर्वीची डिझेलची मोटार, या क्षेत्रात चालवली तर दिवसाला १२.५० पौंड भरावे लागतात. ही कल्पना मूळची जॉन्सन यांची आहे. त्यांनी मध्य लंडनसाठी २०२० हे वर्ष ठरवले होते. खान यांनी ती ८ एप्रिल २०१९ रोजी लागू केली, २५ ऑक्टोबर २०२१ रोजी उत्तर आणि दक्षिण सर्क्युलर रस्त्यांपर्यंत वाढवली आणि २९ ऑगस्ट २०२३ रोजी लंडनच्या सर्व ३२ बरोंपर्यंत नेली.

हवेच्या प्रश्नाला इथे एक दुःखद पार्श्वभूमी आहे. डिसेंबर २०२० मध्ये दक्षिण-पूर्व लंडनमधील एका ९ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची चौकशी करताना कॉरोनरने वायुप्रदूषण हे मृत्यूच्या कारणांपैकी एक म्हणून नोंदवले. ब्रिटनमधील अशी ही पहिलीच नोंद होती. त्यामुळे प्रश्न खोटा होता असे कोणी म्हणू नये. वाद उपायाच्या परिणामाचा आहे.

परिणामाबद्दल दोन आकडे एकमेकांवर फेकले जातात. इम्पिरिअल कॉलेजच्या २०२१ मधील एका अभ्यासात असे आढळले की पहिली योजना लागू झाल्यानंतरच्या काही आठवड्यांत नायट्रोजन डायऑक्साइडमधील सरासरी घट ३ टक्क्यांहून कमी होती. महापौर कार्यालयाच्या २०२५ च्या अहवालानुसार, युलेझ नसते तर जितके प्रमाण असते त्यापेक्षा रस्त्याकडेचे प्रमाण २०२४ मध्ये २७ टक्के कमी होते. हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. पहिला अभ्यास योजना सुरू होण्याच्या दिवसाभोवतीचा लहान काळ पाहतो. दुसरा, योजना जाहीर झाल्यापासून लोकांनी वर्षानुवर्षे बदललेल्या गाड्यांचा परिणामही धरतो. दंड लागण्याच्या दिवसाची वाट न पाहता लोक आधीच गाडी विकतात, आणि म्हणून पहिल्या पद्धतीत परिणाम कमी दिसतो. दुसऱ्या पद्धतीत ‘युलेझ नसते तर’ हा भाग कल्पित असतो आणि तो अहवाल धोरण राबवणाऱ्यांनीच काढलेला आहे, हेही विसरू नये. तरी २०२४ मध्ये लंडनने नायट्रोजन डायऑक्साइडची कायदेशीर वार्षिक मर्यादा प्रथमच पाळली, ही गोष्ट मोजमापाच्या वादापलीकडची आहे.

मध्य लंडनमध्ये ही योजना योग्यच होती, असे आम्हाला वाटते. २०२३ च्या विस्ताराबाबत मात्र खान यांच्यावर होणारी टीका सहज बाजूला सारण्यासारखी नाही. सर्व लंडनभर विस्तार करण्याचा मुद्दा त्यांच्या २०२१ च्या जाहीरनाम्यात नव्हता. सार्वजनिक सल्लामसलतीत आलेले बहुसंख्य प्रतिसाद विरोधात होते. हिलिंग्डन, हॅरो, ब्रॉम्ली, बेक्स्ली यांसारख्या बाहेरच्या बरोंत भुयारी रेल्वे विरळ आहे आणि मोटार ही गरज आहे. तिथे रात्रपाळीच्या परिचारिकेला किंवा जुनी व्हॅन चालवणाऱ्या सुताराला दिवसाला १२.५० पौंड म्हणजे केवढे ओझे, हे समजून घ्यायला सहानुभूतीही लागत नाही, साधे गणित पुरते. हिलिंग्डन आणि हॅरोत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही याची झळ बसली. गाडी मोडीत काढण्याच्या योजनेत सुरुवातीला ११ कोटी पौंड होते आणि ती मुख्यतः सरकारी मदतीवर जगणाऱ्यांसाठी आणि लहान व्यावसायिकांसाठी होती. २० जुलै २०२३ रोजी अक्सब्रिजच्या पोटनिवडणुकीत खान यांचा लेबर पक्ष ४९५ मतांनी हरला, त्याचे खापर युलेझवर फुटले आणि लगोलग ऑगस्टमध्ये ती योजना सर्व लंडनकरांना खुली करून एकूण रक्कम १६ कोटींवर नेण्यात आली. हे आधीच करता आले असते. पाच कौन्सिलांनी केलेला दावा उच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ रोजी फेटाळला, त्यामुळे कायदेशीरपणाचा प्रश्न मिटला आहे.

राहिला पैशांचा आरोप. गाड्या नियमात बसू लागल्या की या शुल्काचे उत्पन्न आटत जाते, आणि विस्तारानंतर लंडनमध्ये फिरणाऱ्या बहुतांश गाड्या नियमात बसणाऱ्या आहेत. तिजोरी भरण्याचा हेतू असेल, तर हा मार्ग फारच वाईट निवडला म्हणावे लागेल.

हवेची इतकी काळजी असलेल्या महापौरांनी थेम्सखाली नवा मोटार बोगदा का बांधला?

हा प्रश्न विरोधकांपेक्षा पर्यावरणवादीच अधिक विचारतात आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. सिल्व्हरटाउन बोगदा ७ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. त्याच्याबरोबर शेजारच्या ब्लॅकवॉल बोगद्यालाही टोल लागला, जो पूर्वी फुकट होता. ब्लॅकवॉलची जुनी, वारंवार बंद पडणारी वाट पूर्व लंडनचा गळा आवळत होती आणि नव्या बोगद्यामुळे नदीपार बसगाड्या वाढवता आल्या, हा खान यांचा युक्तिवाद आहे. तो काही अंशी खरा आहे. पण नव्या रस्त्याबरोबर नवी रहदारी येते, हे वाहतूकशास्त्रातील जुने निरीक्षण टोल लावून कितपत खोटे ठरते, हे आणखी काही वर्षांनी कळेल.

बस, सायकल आणि संप?

सायकलसाठी सुरक्षित मार्ग २०१६ मध्ये सुमारे ९० किलोमीटर होते, ते २०२४ पर्यंत ४०० किलोमीटरच्या पुढे गेले. बाहेरच्या बरोंना एकमेकांशी जोडणाऱ्या जलद बसचे ‘सुपरलूप’ हे जाळे २०२३ पासून उभे राहिले आणि युलेझच्या विस्ताराला जी जोड आधी हवी होती ती उशिरा का होईना मिळाली. मध्य लंडनमधील बसफेऱ्या मात्र घटल्या आणि बसचा वेग आजही रडतखडतच आहे. संपांबाबत खान यांनी उमेदवार म्हणून ‘शून्य दिवस संप’ असे सांगितले होते. त्यानंतर झालेल्या संपांची यादी लांबलचक आहे. असे वचन देणेच चूक होते, कारण संप करणे कामगार संघटनांच्या हाती असते.

खान यांच्या काळात चाकूहल्ले वाढले, हे खरे ना?

खरे आहे, पण ही वाढ ते येण्याआधी, २०१४-१५ च्या सुमारास सुरू झाली आणि इंग्लंड-वेल्समध्ये सर्वत्र झाली. २०१० नंतर केंद्राच्या काटकसरीत देशभरातील सुमारे २० हजार पोलीस कमी झाले होते. युवककेंद्रे बंद पडली. अमली पदार्थांचा व्यापार बदलला. २०१९ पर्यंत लंडनमध्ये चाकूशी संबंधित गुन्ह्यांची वार्षिक नोंद सुमारे १५ हजारांवर गेली. करोनाकाळात ती उतरली आणि नंतर पुन्हा त्याच पातळीला आली. २०२१ मध्ये ३० किशोरवयीन मुले-मुली मारली गेली. एका वर्षातील ही आजवरची सर्वाधिक संख्या होती.

दुसरीकडे, खुनांचा एकूण आकडा २०१९ मध्ये दीडशेच्या घरात होता आणि २०२५ मध्ये तो ९७ वर आला, जो २०१४ नंतरचा सर्वांत कमी आहे. खून लपत नाहीत आणि त्यांची नोंदपद्धतही फारशी बदलत नाही, म्हणून दीर्घकाळच्या तुलनेसाठी हा आकडा सर्वांत विश्वासार्ह मानला जातो. ‘लंडन जगातील सर्वांत धोकादायक शहर’ अशी विधाने समाजमाध्यमांवर आणि काही अमेरिकी नेत्यांच्या तोंडी ऐकू येतात. ती या आकड्यापुढे उभीही राहू शकत नाहीत. त्याच वेळी रस्त्यात हातातला फोन हिसकावला जाणे हा लंडनकरांच्या रोजच्या धास्तीचा भाग झाला आहे. खून घटले म्हणून ती धास्ती खोटी ठरत नाही.

मग श्रेय की दोष? खान यांनी २०१८ मध्ये हिंसा कमी करण्यासाठी स्वतंत्र कक्ष स्थापन करण्याची घोषणा केली. हिंसेकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहण्याची ग्लासगोची पद्धत त्यासाठी आधारभूत होती. त्याचा उपयोग झाला असावा, पण खुनांतील घट किती प्रमाणात त्यामुळे झाली हे सांगता येत नाही. २०१९ च्या वाढीचा दोष ज्यांनी खान यांना दिला नाही, त्यांनी २०२५ च्या घटीचे श्रेयही जपूनच द्यावे. उलट्या बाजूनेही हेच लागू होते.

पोलिसांची संख्या कोणी कमी केली?

मुख्यतः केंद्राने. मेटमधील अधिकाऱ्यांची संख्या एकेकाळी ३० हजारांच्या खाली गेली होती. खान यांनी आपल्या हातातले साधन वापरले, ते म्हणजे कौन्सिल टॅक्समधील महापौरांचा वाटा. मध्यम श्रेणीच्या घरासाठी, म्हणजे ‘बँड डी’ साठी, तो २०१६-१७ मध्ये २७६ पौंड होता. २०२५-२६ मध्ये तो ४९०.३८ पौंड झाला आणि त्याचा मोठा भाग पोलिसांकडे जातो. पुढे केंद्राने देशभर भरतीची मोहीम काढली, तेव्हा २०२३ पर्यंत आपले लक्ष्य न गाठणारे मेट हे एकमेव दल ठरले. जवळपास हजार जागा रिकाम्या राहिल्या आणि त्यापोटीचा निधीही हातचा गेला. बदनाम झालेल्या दलात तरुणांनी भरती व्हावे असे वाटत नाही, हे त्याचे एक कारण होते. २०२५ मध्ये निधीच्या तुटीमुळे १७०० पदे कमी करण्याचे आयुक्तांनी जाहीर केले, तेव्हा केंद्रात लेबरचेच सरकार होते. त्यामुळे ‘सगळा दोष हुजूर पक्षाचा’ हे उत्तर आता अपुरे पडते.

पोलीस आयुक्त क्रेसिडा डिक यांना हटवणे योग्य होते का?

मार्च २०२१ मध्ये एका तरुणीचे अपहरण करून कार्यरत पोलीस अधिकाऱ्याने तिचा खून केला. १ फेब्रुवारी २०२२ रोजी चेरिंग क्रॉस ठाण्यातील पोलिसांचे स्त्रीद्वेष्टे आणि वंशद्वेष्टे संदेश एका स्वतंत्र अहवालातून बाहेर आले. खान यांनी आयुक्त डिक यांना सुधारणेची ठोस योजना मागितली, ती पटली नाही आणि त्यांनी विश्वास उरला नसल्याचे सांगितल्यावर १० फेब्रुवारीला डिक यांनी पद सोडण्याची घोषणा केली. महापौरांनी विश्वास काढला की आयुक्त टिकत नाही, हे २००८ मध्ये जॉन्सन आणि इयन ब्लेअर यांच्या प्रकरणातही दिसले होते. कायद्यात नसलेली ही सत्ता व्यवहारात आहे.

पोलीस निरीक्षणालयाचे माजी प्रमुख टॉम विन्सर यांच्या सप्टेंबर २०२२ च्या चौकशी अहवालाने मात्र खान यांच्यावर ताशेरे ओढले. कायद्याने ठरवलेली प्रक्रिया पाळली गेली नाही आणि डिक यांना जाण्यास भाग पाडले गेले, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्या मते याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे त्या खुनानंतर सहा महिन्यांनी, डिक यांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली, तेव्हा खान यांनी तिला पाठिंबा दिला होता. मधल्या पाच महिन्यांत मेट बदलली नव्हती. बदलले ते एवढेच की एक अहवाल छापून आला.

केसी अहवालाचा महापौरांशी काय संबंध?

मेटच्या कार्यसंस्कृतीची चौकशी करणाऱ्या लुईस केसी यांचा अहवाल २१ मार्च २०२३ रोजी प्रसिद्ध झाला. मेट संस्थात्मक पातळीवर वंशद्वेष्टी, स्त्रीद्वेष्टी आणि समलिंगीद्वेष्टी असल्याचे त्यात म्हटले होते. नवे आयुक्त मार्क रावली यांनी ‘संस्थात्मक’ हा शब्द वापरण्यास नकार दिला, तर खान यांनी तो स्वीकारला. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालानेही मेटबद्दल हाच शब्द वापरला होता, म्हणजे मध्ये तब्बल २४ वर्षे गेली होती.

वादांत बहुधा वगळली जाणारी बाब अशी की केसी यांनी मोपॅकच्या देखरेखीवरही बोट ठेवले होते. मेट माहिती दडपते, टीका झटकते आणि तिला जाब विचारणारी व्यवस्था पुरेशी कठोर व धोरणात्मक नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. महापौरांच्या अध्यक्षतेखाली पोलीस मंडळ असावे, ही त्यांची शिफारस मान्य होऊन सप्टेंबर २०२३ मध्ये त्या मंडळाची पहिली बैठक झाली. जून २०२२ मध्ये पोलीस निरीक्षणालयाने मेटला विशेष देखरेखीखाली घेतले होते, आणि त्यातून ती जानेवारी २०२५ मध्ये बाहेर आली.

खान यांच्या पोलीसविषयक कामगिरीचा खरा निकष आमच्या मते इथे आहे. गुन्ह्यांचा आलेख त्यांच्या हातात नव्हता, पण देखरेख होती. ती त्यांना कायद्याने दिलेली होती, आणि पदावरची पहिली सहा वर्षे ती दुबळी राहिली. दलात बलात्कारी आणि खुनी अधिकारी नोकरीवर टिकून राहिले, तक्रारी फायलींत पडून राहिल्या, आणि महापौरांच्या कार्यालयातून जो प्रश्न वारंवार आणि लेखी विचारला जायला हवा होता तो बाहेरच्या चौकशांनी विचारला. २०२२ नंतर त्यांनी कडक भूमिका घेतली हे मान्य. पण तोवर नुकसान होऊन गेले होते.

अडवून झडती घेण्याच्या अधिकाराबाबत त्यांची भूमिका बदलली का?

बदलली. महापौर होण्यापूर्वी ही पद्धत कमी करण्यासाठी शक्य ते सारे करू, असे ते म्हणत होते. चाकूहल्ले वाढल्यावर जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी नेमक्या माहितीवर आधारलेल्या झडत्या बऱ्याच वाढतील असे सांगितले. डावीकडच्यांना हा विश्वासघात वाटला, आणि उजवीकडच्यांना उशिरा आलेले शहाणपण. कृष्णवर्णीय लंडनकरांना अडवले जाण्याचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक राहिले आहे. टोळ्यांतील संशयितांची ‘गँग्ज मॅट्रिक्स’ ही यादी मात्र मोपॅकच्या २०१८ च्या परीक्षणानंतर छाटली गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली. देखरेख मनावर घेतली तर काय होऊ शकते, याचे हे एक उदाहरण आहे.

ट्यूबमध्ये पाकीट मारले गेले तर ते मेटच्या खात्यात जाते का?

नाही. भुयारी रेल्वे, ओव्हरग्राउंड आणि एलिझाबेथ लाइनवर ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलीस हे वेगळे दल काम करते. बसमधील गुन्हे मेटकडे असतात आणि तेथील पथकाच्या खर्चाला टीएफएल हातभार लावते. सिटी ऑफ लंडन या एक चौरस मैलाच्या भागाचे पोलीस दल तर स्वतंत्रच आहे, आणि तिथले ‘लॉर्ड मेयर’ म्हणजे खान नव्हेत.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांना महापौरांच्या निवडणुकीत मत देता येते का?

येते. राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून, वैध परवान्यावर लंडनमध्ये राहणारा १८ वर्षांवरील भारतीय नागरिक मतदार यादीत नाव नोंदवू शकतो. विद्यार्थी आणि नोकरीच्या व्हिसावर आलेलेही त्यात आले. मतदान केंद्रावर ओळखपत्र दाखवावे लागते आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. २०२४ मध्ये सुमारे ४०.५ टक्केच मतदान झाले. खान यांना जवळपास ४३.८ टक्के आणि युलेझचा विस्तार पहिल्याच दिवशी रद्द करू म्हणणाऱ्या हुजूर पक्षाच्या सुझन हॉल यांना ३२.७ टक्के मते पडली. पुढील निवडणूक मे २०२८ मध्ये आहे. नाव नोंदवण्यासाठी मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही, कारण बरोच्या निवडणुकांसाठीही हीच यादी वापरली जाते.